आधी सुटका, मग आज्ञा: ख्रिस्ती श्रद्धेतलं आत्मिक स्वातंत्र्य

इंदूरच्या एका मराठी गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पत्नी काही महिन्यांपासून एका ख्रिस्ती प्रार्थनासभेला जाते. ‘प्रभूने मला मोकळं केलं’ असं म्हणते. पण बघावं तर तिथे नियमच नियम. रविवार चुकवायचा नाही, कमाईचा दहावा हिस्सा द्यायचा, घरच्या गणपतीचा प्रसाद घ्यायचा नाही, शेजारच्या हळदीकुंकवाला जायचं नाही. मग ही सुटका कसली? आपल्याकडच्या मोक्षाहून ती वेगळी कशी? आणि एखादा माणूस खरंच मोकळा झालाय हे बाहेरच्याने ओळखायचं कशावरून?

प्रश्न रास्त आहे आणि ख्रिस्ती माणसांनीही तो स्वतःला विचारायला हवा.

उत्तराचा गाभा एका क्रमात आहे. बायबलमध्ये सुटका आधी येते, आज्ञा नंतर. माणसाने नियम पाळले म्हणून देव त्याला सोडवत नाही. देव सोडवतो आणि सुटलेल्याने कसं जगायचं ते मग सांगतो. तुमच्या पत्नी ज्या सभेला जातात तिथले नियम बरे की वाईट हे ठरवण्याआधी ते या क्रमात कुठे बसवले आहेत ते पाहा.

हा क्रम सर्वांत स्पष्ट दिसतो तो बायबलमधल्या निर्गम नावाच्या पुस्तकात. इस्राएली लोक मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, विटा पाडणारे गुलाम होते. त्यांचा पुढारी मोशे मिसरच्या राजापुढे, फारोपुढे, उभा राहून देवाचा निरोप सांगतो की माझ्या लोकांना जाऊ दे, त्यांना माझी सेवा करायची आहे. म्हणजे ‘कशातून’ सुटायचं याबरोबरच ‘कशासाठी’ हेही पहिल्याच मागणीत आलं. पुढे समुद्र ओलांडून झाल्यावर, सीनाय पर्वतापाशी, विसाव्या अध्यायात दहा आज्ञा येतात. त्यांच्याही आधी एक ओळ आहे: मी तुझा देव, मी तुला दास्यातून बाहेर काढलं. मोशेने मिसरातच आज्ञांच्या पाट्या वाटून ‘या पाळल्यात तर सोडवीन’ असं म्हटलं असतं, तर ती फारोच्या कामावर आणखी एका मुकादमाची भर झाली असती. या गोष्टीत अजून एक बारकावा आहे आणि लोकांशी बोलताना तो फार उपयोगी पडतो. मिसरातून निघायला एक रात्र लागली, पण वाळवंटात चाळीस वर्षं गेली. त्या काळात हेच लोक मिसरातल्या काकड्या, खरबुजं, कांदे आणि लसूण आठवून रडत होते (गणना ११). सुटका झाली तरी गुलामीची सवय सुटायला वेळ लागतो. ‘बाप्तिस्मा (पाण्याने होणारी ख्रिस्ती दीक्षा) घेतला, मग राग का जात नाही’ असं विचारणाऱ्या माणसाला हा अध्याय वाचायला द्यावा.

येशूचा प्रेषित पौल याने गलतीकरांस लिहिलेलं, बायबलमध्ये असलेलं पत्र पूर्ण याच प्रश्नावर आहे. आजच्या तुर्कस्तानातल्या त्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे ख्रिस्ती समूहांमध्ये, काही शिक्षक शिरले होते. येशूवर विश्वास ठीक आहे, पण सुंता करून घेतल्याशिवाय आणि मोशेचं नियमशास्त्र पाळल्याशिवाय तुम्ही पुरते देवाचे नाही, असं ते सांगत. पौल त्यावर भडकतो. त्याच्या मते ही वरवर किरकोळ वाटणारी जोड सगळं उलटवून टाकते, कारण मग देवाचा स्वीकार ही मजुरी होते. तो चौथ्या अध्यायात घरातला मुलगा आणि घरातला दास यांचा दाखला देतो. त्याच चालीने पाहा: पगारी नोकरही घरातली कामं करतो आणि मुलगाही करतो, दोघांनाही घराची शिस्त असते. पण नोकराचं घरात राहणं कामावर टिकून असतं आणि मुलाचं काम घरात असण्यातून येतं. नोकराच्या हातून काचेचं भांडं फुटलं तर त्याला पहिली काळजी नोकरीची लागते, मुलाला लागत नाही. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल यालाच भीती घालणाऱ्या दास्याच्या आत्म्याऐवजी मिळालेला दत्तकपणाचा आत्मा म्हणतो, ज्यामुळे माणूस देवाला ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारतो.

आता कशापासून सुटका? इथे लोक घाईने ‘पापापासून’ म्हणतात आणि पाप म्हणजे वाईट कृत्यांची यादी समजतात. बायबलमध्ये पाप ही त्याहून मोठी गोष्ट आहे. ती माणसावर चालणारी सत्ता आहे. योहानाच्या आठव्या अध्यायात येशू सत्य तुम्हाला स्वतंत्र करील असं म्हणतो, तेव्हा समोरचे लोक रागावून म्हणतात, आम्ही अब्राहामाचे वंशज, आम्ही कधी कोणाचे गुलाम नव्हतो. रोमी सैन्य त्यांच्या रस्त्यावरून फिरत असताना ते हे म्हणत होते. येशू रोमचं नावही काढत नाही. पाप करणारा पापाचा दास आहे, एवढंच सांगतो. आपण बांधलेले आहोत हे न दिसणं हाच त्या बंधनाचा पहिला भाग.

ही बेडी कशी घडते याचं सर्वांत नेमकं वर्णन चौथ्या शतकातल्या ऑगस्टीन या ख्रिस्ती विचारवंताने केलं आहे. इ.स. ३८६ मध्ये मिलान इथे त्याचं मन बदललं, त्याआधीच्या ओढाताणीबद्दल तो लिहितो. इच्छा वाकडी झाली की तिच्यातून वासना तयार होते, वासनेचे लाड पुरवले की सवय होते आणि सवयीला अडवलं नाही की तिची गरज होते. चार कड्या आहेत, आणि व्यवहारात हे कळणं महत्त्वाचं, कारण प्रत्येक कडीला उपाय वेगळा. गरजेच्या कडीवर पोचलेल्या माणसाला ‘मनावर घे’ सांगून काही होत नाही. त्याला बाहेरची मदत लागते. सवयीच्या कडीवर वेळ, जागा आणि सोबत बदलल्याने बराच फरक पडतो. वासनेच्या कडीवर ती कोणापुढे तरी बोलून दाखवणं कामी येतं. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापं कबूल करा असं सांगितलं आहे ते यासाठी. कॅथलिक लोक ते धर्मगुरूपुढे पापनिवेदनात करतात, इतर मंडळ्यांत विश्वासातल्या एखाद्या प्रौढ व्यक्तीपुढे. पहिली कडी, म्हणजे इच्छेचंच वाकडेपण, मात्र माणसाच्या हाताने सरळ होत नाही. तिथे देवाची कृपा लागते आणि ख्रिस्ती श्रद्धेचा सगळा भर तिथे आहे.

दारूबद्दल इथेच स्पष्ट सांगायला हवं. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने प्रार्थनेनंतर एका झटक्यात दारू सोडली, तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांच्या आसपास भ्रम, थरथर, ताप अशी जिवावर बेतणारी अवस्थाही येऊ शकते. अशा माणसाला डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायचं असतं. मिरगी, मधुमेह, मानसिक आजार यांची औषधं ‘विश्वासाने’ बंद करायला लावणारा कोणीही असो, त्याचं ऐकू नका. औषध घेणं हा अविश्वास नाही. लूक, ज्याच्या नावाचं शुभवर्तमान आहे, त्याला पौल प्रिय वैद्य म्हणतो.

दुसरं बंधन मरणाच्या भीतीचं. इब्री लोकांस पत्रात म्हटलं आहे की या भीतीने माणसं जन्मभर दास्यात असतात. आपल्याकडे तिची ओळखीची रूपं म्हणजे नजर, करणी, अशुभ दिवस, पत्रिकेतला दोष. कलस्सैकरांस पत्रात ख्रिस्ताने वधस्तंभावर अशा सगळ्या सत्तांना निःशस्त्र केलं असं आहे आणि गलतीकरांना पौल विचारतो की तुम्ही पुन्हा दिवस, महिने, ऋतू पाळायला का लागलात? म्हणजे ख्रिस्ती माणसाला शनिवारची किंवा अमावास्येची भीती उरायला नको. पण काही प्रार्थनासभांमध्ये जुनी भीती काढून तिथे नवी बसवतात. डोकेदुखी म्हणजे भूत, धंदा बसला म्हणजे पूर्वजांचा शाप, उतारा म्हणून अभिषेकाचं तेल आणि मंतरल्यासारखं पाणी. नाव बदललं तरी माणूस बांधलेलाच राहिला. अशी सभा असेल तर मला तिची काळजी वाटते.

तिसरं बंधन दोषाचं. रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय वाचा: जे चांगलं करावंसं वाटतं ते होत नाही आणि जे नको तेच हातून घडतं. आठव्याची पहिली ओळ त्याचं उत्तर आहे, की ख्रिस्तात असलेल्यांना दंडाज्ञा नाही. मधे कुठे ‘म्हणून मी सुधारलो’ असं वाक्य नाही. तोच क्रम पुन्हा.

मोक्षाबद्दल. दोन्हीकडे माणूस बांधलेला आहे आणि सुटका सर्वांत मोलाची आहे, इतकं समान. वेदान्तात बंधनाचं मूळ अज्ञानात आहे, कर्माने जन्ममरणाचा फेरा चालू राहतो आणि सुटका म्हणजे त्या फेऱ्यातून बाहेर पडणं. ख्रिस्ती श्रद्धेत जन्म एकच आहे. देह आणि सृष्टी देवाने चांगली निर्माण केली, म्हणून त्यांच्यापासून सुटायचं नाही. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात तर सृष्टीही सुटकेची वाट पाहते आहे आणि शेवटी देहाचं पुनरुत्थान आहे. बिघाड देव आणि माणूस यांच्या नात्यात आहे, म्हणून सुटका म्हणजे नातं जुळणं. देव आणि भक्त तिथे एक होऊन जात नाहीत, दोघे उरतात आणि त्यांच्यात प्रेम उरतं. मुक्ती नको, संतांचा सहवास दे असं मागणाऱ्या तुकोबांची ओढ मराठी वाचकाला ठाऊक आहेच. ख्रिस्ती विचार आणि वारकरी विचार एक नव्हेत, पण या ठिकाणी मराठी ख्रिस्ती माणसाला परकं वाटत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्तावर अभंग रचले, कीर्तन उपासनेत आणलं, ते यामुळेच.

आता प्रसाद आणि हळदीकुंकू, म्हणजे तुमच्या घरातला रोजचा प्रश्न. इथे जरा सावकाश जाऊ, कारण पौलाने यावर तीन अध्याय खर्च केले आहेत (१ करिंथकरांस ८ ते १०) आणि बहुतेक सभांमध्ये त्यातली एकच ओळ सांगितली जाते. करिंथ शहरात बाजारात मिळणारं मांस बऱ्याचदा देवळात वाहिलेलं असे. ते खावं का? पौल प्रसंग वेगवेगळे करतो. बाजारात विकतात ते विचारपूस न करता खा, कारण पृथ्वी परमेश्वराची आहे. ख्रिस्ती नसलेल्या कोणी जेवायला बोलावलं तर जा आणि वाढतील ते खा, तिथेही चौकशी नको. पण कोणी मुद्दाम सांगितलं की हे देवाला वाहिलेलं आहे, तर खाऊ नका, आणि तेही सांगणाऱ्याच्या मनासाठी. प्रत्यक्ष पूजेच्या पंगतीत उपासक म्हणून बसणं मात्र नको, कारण उपासना एकाच देवाची. मूर्ती काही नाही हेही तो त्याच अध्यायांत म्हणतो, म्हणजे अन्न बाधतं ही भीती त्याला मान्य नाही.

हे इंदूरच्या घराला लावून पाहू. गणपतीत शेजारच्या काकूंनी पुरणपोळीचं ताट पाठवलं तर ते जेवण आहे. आनंदाने खावं आणि ताट रिकामं परत पाठवू नये. घरी नैवेद्याच्या दिवशी स्वयंपाक करणं हा स्वयंपाक आहे. आरतीचं तबक हातात घेऊन पूजा करणं ही उपासना आहे, आणि ती करायला तुमच्या पत्नींचं मन तयार नसेल तर त्यांना भाग पाडू नये. ‘हा प्रसाद’ म्हणून कोणी हातावर ठेवला तर ख्रिस्ती लोकांची वागणूक एकसारखी नाही. काही प्रेमाची भेट म्हणून घेतात, काही नम्रपणे नको म्हणतात. दोघांनाही बायबलमध्ये आधार सापडतो. तुच्छतेने बाजूला सारण्याला मात्र कुठेच आधार नाही. हळदीकुंकवाला जाऊन बसणं, वाण घेणं, चार बायकांची विचारपूस करणं यात माझ्या मते काही अडचण नाही. कपाळाला कुंकू लावून घ्यायला मन धजत नसेल तर हळूच सांगावं, ओळखीतल्या बायका समजून घेतात. अनंत चतुर्दशीच्या झांक्या पाहायला मुलांना नेणं किंवा रंगपंचमीची गेर पाहणं ही उपासना नव्हे.

जुन्या करारात नामान नावाच्या अरामी सेनापतीची गोष्ट आहे (२ राजे ५). कोड बरा झाल्यावर तो अलीशा या संदेष्ट्याला म्हणतो की मी आता परमेश्वराशिवाय कोणाची पूजा करणार नाही, पण माझा राजा माझ्या हातावर टेकून त्याच्या देवळात नमन करतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याची क्षमा असावी. अलीशा त्याला नियमावली देत नाही. शांतीने जा, म्हणतो. सासरी एकट्याच विश्वास धरणाऱ्या सुनेला हा अध्याय कोणीतरी दाखवायला हवा.

आणि पौल स्वतः? तीत आणि तीमथ्य हे त्याचे सहकारी. त्याने तीताची सुंता होऊ दिली नाही आणि तीमथ्याची स्वतः केली. कृती एकच, निर्णय उलट. तीताच्या वेळी ‘याशिवाय तारण नाही’ अशी मागणी होती, म्हणून नकार. तीमथ्याच्या वेळी यहुदी लोकांमध्ये सहज जाता यावं एवढाच हेतू होता, म्हणून होकार. गोष्ट तीच असली तरी ती कशाच्या दबावाखाली केली यावर ती स्वातंत्र्य आहे की दास्य हे ठरतं. नियमांची यादी पाठ करून हे कळत नाही, म्हणूनच घाईत शिकवणारे लोक यादी देऊन मोकळे होतात.

गलतीकरांस पत्रातच अंत्युखिया शहरातला प्रसंग आहे आणि तो मराठी माणसाला विशेष भिडावा, कारण तो पंक्तिभेदाचा आहे. येशूचा शिष्य पेत्र तिथे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून काही मंडळी आली आणि तो घाबरून वेगळा बसू लागला. पौलाने सगळ्यांसमोर त्याला खडसावलं आणि हे सुवार्तेच्या सत्याला धरून नाही असं सांगितलं. जेवणाची पंगत मोडली की सुटकेची शिकवण मोडते, इतका त्याचा आग्रह होता. भारतातल्या चर्चनेही जात आत येऊ दिली, वेगळी बाकं आणि वेगळी दफनभूमी केली, तिथे या पत्राचा सरळ भंग झाला. तुमच्या पत्नींच्या सभेत सगळ्या जातींची माणसं एका पंगतीत बसतात का, हे नक्की पाहा.

आतलं स्वातंत्र्य मिळालं की बाहेरचं नसलं तरी चालतं, हा निष्कर्षही चुकीचा आहे. १८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी बायबलचा कापून छोटा केलेला ग्रंथ छापला गेला, त्यात मिसरातून सुटकेची गोष्टच गाळली होती. कापणाऱ्यांना नीट माहीत होतं की ती गोष्ट गुलामाला काय शिकवील. नासरेथच्या सभास्थानात येशूने यशयाचा जो भाग वाचला त्यात बंदिवानांची सुटका आणि गांजलेल्यांना मोकळं करणं आहे. त्यामागे लेवीयातलं पन्नासावं वर्ष आहे, ज्यात विकलेली जमीन परत द्यायची आणि गुलामाला घरी पाठवायचं.

दशमांशाचं सांगतो. दहावा हिस्सा हा इस्राएलाच्या नियमशास्त्रातला आहे. नव्या करारात मंडळीला टक्केवारीची आज्ञा नाही. पौल म्हणतो की प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, नाखुशीने किंवा भाग पडलं म्हणून नको (२ करिंथकरांस ९). अनेक ख्रिस्ती लोक स्वखुशीने दहावा हिस्सा देतात, ते चांगलंच आहे. पण ‘दिला नाहीस तर शाप लागेल’ हे भीतीचं शिक्षण आहे, आणि घरात दोघांनी ठरवल्याशिवाय घरखर्चातून गुपचूप देणं मला पटत नाही. रविवारची उपासना चुकवू नये हे मात्र मी आग्रहाने म्हणेन. एकट्याची श्रद्धा लवकर स्वतःच्या लहरीवर चालू लागते. तरी मूल आजारी असताना घरी थांबलेल्या आईला दोष देणारी मंडळी चुकते.

सुटकेनंतर नवा मालक उभा करण्याचा धोका किती खरा आहे हे पंडिता रमाबाईंनी ओळखलं होतं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांच्यावर अमुक मताप्रमाणेच चालावं असा दबाव आला, तेव्हा त्यांनी पत्रात लिहिलं की भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या प्रयासाने सुटले आहे, आता तसंच दुसरं जोखड मानेवर घ्यायची तयारी नाही. जोखडाची ही प्रतिमा गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातली आहे, तिथे पौल म्हणतो की ख्रिस्ताने स्वातंत्र्यासाठीच आपल्याला मुक्त केलं, पुन्हा जुंपून घेऊ नका. त्याच रमाबाईंनी नंतर केडगावला मुक्ती सदन उभारलं, दुष्काळात सापडलेल्या बायकामुलींना सांभाळलं आणि आयुष्याची शेवटची वर्षं मूळ भाषांतून मराठी बायबल तयार करण्यात घालवली. कोणाच्या धाकात न राहणारी बाई शेकडो मुलींची सेविका झाली. पाचव्या अध्यायात पौल थोडं पुढे हेच सांगतो, की हे स्वातंत्र्य देहाचे चोचले पुरवायला वापरू नका, प्रीतीने एकमेकांचे दास व्हा. १५२० मध्ये मार्टिन ल्यूथरने हीच दोन टोकं शेजारी ठेवली: ख्रिस्ती माणूस कोणाचाही ताबेदार नाही, आणि तो सर्वांचा सेवक आहे.

क्षमेबद्दल तुमच्याच भागातलं उदाहरण आहे. सिस्टर राणी मारिया देवास जिल्ह्यात उदयनगरला काम करत होत्या. गरीब आदिवासींना सावकारांच्या पकडीतून बाहेर काढणं हा त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येताना बसमध्ये त्यांचा खून झाला. २००२ मध्ये त्यांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. पुढे तो सुटला आणि त्याने जाहीर पश्चात्ताप केला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात राणी मारिया यांना कॅथलिक चर्चने ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. यात एक गोष्ट नीट पाहा. क्षमा झाली, तरी खटला आणि शिक्षा टळली नाही. क्षमा म्हणजे सूडाचा हक्क सोडणं. समेटाला समोरच्याचा पश्चात्ताप लागतो आणि विश्वास पुन्हा बसायला वेळ लागतो. मार खाणाऱ्या बाईला ‘क्षमा कर आणि तिथेच राहा’ असं सांगणारे या तीन गोष्टी एकत्र करतात आणि तिला धोक्यात लोटतात. तिने आधी सुरक्षित जागी जावं, पोलिसांत तक्रार करावी. क्षमेचं पुढे, तिच्या वेळेने.

रोजच्या साधनेसाठी सोळाव्या शतकातले संत, लोयोलाच्या इग्नेशियसने घालून दिलेली आत्मपरीक्षणाची पद्धत सर्वांत सोपी आहे. रात्री दहा-पंधरा मिनिटं पुरतात. आधी दिवसातल्या दोन-तीन ठोस गोष्टींसाठी आभार मानायचे. मग स्वतःला खरं दिसावं म्हणून पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागायचा. मग सकाळपासूनचा दिवस क्रमाने नजरेखालून घालायचा आणि विचारायचं: आज मी कुठे प्रेमाने वागले, कुठे भीतीने? चूक सापडली तर तिची क्षमा मागायची. शेवटी उद्याची एकच लहान गोष्ट ठरवायची. बिघडतं ते असं की लोक आभाराची पायरी गाळतात आणि सगळा वेळ चुका मोजण्यात घालवतात. आठवड्याभरात ते दोषाचं खातं होतं आणि मग कंटाळून सोडून देतात. तसं झालं तर महिनाभर फक्त आभार आणि उद्याची गोष्ट एवढंच करावं. इग्नेशियसचा आणखी एक नियम लक्षात ठेवण्याजोगा: मन खचलेलं असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलू नये. मोठे निर्णय, बाप्तिस्म्याचासुद्धा, उत्साहाच्या भरात किंवा निराशेत घेऊ नयेत. जुनी सवय गेल्यावर तिची जागा रिकामी ठेवू नये हेही येशूने सांगितलं आहे: झाडून स्वच्छ केलेल्या पण रिकाम्या घरात गेलेला आत्मा आणखी सात घेऊन परततो (मत्तय १२). संध्याकाळी दारूच्या गुत्त्यावर जाणाऱ्याने तीच वेळ कशाने तरी भरली पाहिजे.

मग ओळखायचं कसं? पौल आत्म्याचं फळ म्हणून नऊ गोष्टी मोजतो: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. या दिसतात त्या घरात, सभेत नव्हे. तुमच्या पत्नी आधीपेक्षा कमी घाबरतात का? चूक झाली तर पूर्वीपेक्षा लवकर कबूल करतात का? तुम्ही त्यांच्याशी असहमत असताना त्या शांत राहू शकतात का? सासूबाईंची सेवा वाढली की कमी झाली? उत्तरं बरी येत असतील तर नियमांच्या यादीकडे फार लक्ष देऊ नका, ती हळूहळू जागेवर येईल. चिडचिड, लपवाछपवी, घरातल्यांबद्दल तुच्छता आणि पाळकाच्या (सभा चालवणाऱ्या धर्मोपदेशकाच्या) परवानगीशिवाय साधा निर्णयही घेता न येणं वाढलं असेल, तर सभेत काहीतरी चुकतं आहे. पौल स्वतः करिंथकरांना म्हणतो की आम्ही तुमच्या विश्वासावर सत्ता चालवत नाही. प्रेषित जे करत नव्हता ते पाळकाने करू नये.

एकदा पत्नीबरोबर तुम्ही स्वतः सभेला जा आणि पाळकांना सरळ विचारा. दान दिल्यावर पावती मिळते का, हिशेब वर्षातून एकदा सगळ्यांपुढे ठेवता का? आजारी माणसाला दवाखान्यात जायला सांगता का? इथे येणं थांबवलं तर काय होईल असं तुम्ही लोकांना सांगता? तुम्ही स्वतः कोणाला उत्तरदायी आहात? कॅथलिक चर्चमध्ये बिशप असतो, १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्येही बिशप आणि समित्या असतात. स्वतंत्र सभेत असं कोणी नसेल तर जास्त सावध राहा. बाप्तिस्म्याची घाई करणारा पाळक असेल तर त्याला थांबवा. मध्य प्रदेशात धर्मांतराबद्दल १९६८ पासून कायदा आहे, २०२१ मध्ये नवा आला, तेव्हा त्यातल्या अटी आधी वकिलाकडून समजून घ्या. आणि हे प्रश्न विचारल्यावर पाळक रागावले, की बसवून चहा देऊन एकेकाचं उत्तर दिलं, तेही लक्षात ठेवा.